किटलीचं वजन

त्या शनिवारी सकाळी बाबांनी किटली डोक्यावर नेली. उजव्या हातानं, एकट्या उजव्या हातानं. आधी ती दोन पायांच्या मधून मागे गेली, पुढे येता येता खांद्याशी थांबली, बाबांनी गुडघे किंचित वाकवले, तोंडानं एक छोटा श्वास सोडला आणि पुढच्या क्षणी हात सरळ वर होता आणि त्याच्या टोकाशी ते राखी रंगाचं लोखंड बंद पंख्याच्या पातीला जेमतेम चुकवून थांबलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात चहाचं गाळणं होतं आणि त्यातून थेंब माझ्या पायावर पडत होते, हे मला नंतर कळलं. बाबांचा हात थरथरत नव्हता. थरथर होती ती मानेजवळच्या एका शिरेत. एक, दोन, तीन. मग ती गेली तशीच खाली आली, खांद्यावर, मांड्यांच्या मध्ये, आणि शेवटी चौपदरी गोणपाटावर, आवाज न करता, कारण खालच्या मजल्यावरच्या श्यामसुंदररावांना आवाजाचा त्रास व्हायचा. बाबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणसाठ वर्षांचा, पांढरा बनियन घातलेला, कपाळावरून घाम ओघळणारा माणूस. "पाहिलंस?" ते म्हणाले. मी म्हणाले, "पाहिलं. मान मागे जात होती तुमची. मानेच्या मणक्यांवर ताण येतो तसा." त्यांनी हातानं मान चाचपली. मग म्हणाले, "बरं. उद्या मानेकडे लक्ष देतो. चहा झाला का?"

बाकी दिवस कुठल्याही शनिवारसारखा होता. मी कॉलेजच्या लायब्ररीत अर्धा दिवस काम केलं, दुपारी परत आले तेव्हा बाबांनी न्हाणीघरातल्या गळक्या नळाचा वायसर बदललेला होता आणि जुना वायसर मला दाखवायला ओट्यावर ठेवला होता. संध्याकाळी गोजरा भांडी घासायला आली. गोजरा करावे गावातली, आमच्या नेरुळच्या सेक्टरमधल्या पाच घरांत तिचं काम. बाबा तिला म्हणाले, "गोजरा, आज वर गेली." "कोन?" "किटली." "मंग मी काय करू, पेढं वाटू?" बाबा मोठ्यानं हसले. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते आणि ते हसणं ऐकत होते. पेढे वाटावेत असंच मलाही सकाळपासून वाटत होतं. लायब्ररीत नवीन पुस्तकांवर शिक्के मारताना मधेच माझा हात आपोआप वर गेला होता, शिक्क्यासकट, आणि समोर बसलेल्या विद्यार्थिनीनं वळून मागच्या कपाटाकडे पाहिलं होतं. पण घरी आल्यावर मी बाबांना काही म्हटलं नाही. आमच्या घरात तसं कुणी म्हणत नसे.

ती किटली म्हणजे खरं तर चहाची किटली नव्हे. तोफेच्या गोळ्यासारखा लोखंडी गोळा आणि त्याला वरून जाड कडी, एवढंच. तिला किटली हे नाव गोजरानं दिलं. पहिल्या दिवशी ती तिच्याभोवती एक फेरी मारून आली होती आणि म्हणाली होती, "ताई, यो काय हाय? किटली? पन चोच कंची?" बाबांनी तिचं खरं नाव सांगितलं, गिर्या. रशियन खलाशी तिला गिर्या म्हणतात. बाबा बंदरावर टॅली क्लार्क होते, आधी मुंबईच्या गोदीत आणि नंतरची तीन वर्षं खाडीच्या अलीकडे, जासईच्या पुढच्या नव्या बंदरात. टॅली क्लार्क म्हणजे जहाजातून उतरणारा माल मोजणारा माणूस. जहाजाचा एक असतो, बंदराचा एक. दोघं एकाच वेळी एकच माल मोजतात, पण एकमेकांचा कागद बघायचा नसतो. शेवटी दोन्ही आकडे जुळले तर सह्या होतात, नाही जुळले तर सगळं परत मोजायचं. बाबा सांगायचे, छत्तीस वर्षांत त्यांचा आकडा सात वेळा जुळला नाही आणि सातही वेळा चूक दुसऱ्याची निघाली. आढ्यतेनं नाही सांगायचे. भात किती शिजला ते सांगावं तसं.

त्यांच्या निवृत्तीच्या तीन महिने आधी, ब्याण्णवच्या मार्चमध्ये, ते सोव्हिएत जहाज आलं. ते निघालं तेव्हा त्याचा देश होता आणि पोचलं तेव्हा नव्हता. कंपनी कुणाची, पगार कोण देणार, कुणालाच ठाऊक नाही. जहाज अडकून पडलं. धुराड्यावरची खूण रंगानं पुसलेली, पण ऊन तिरपं पडलं की ती रंगाखालून उठून दिसे, असं बाबा म्हणायचे. माझी आई जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि त्या पाच महिन्यांत बाबा घरात जेवढे शब्द लागतील तेवढेच बोलत होते. मीठ. दूध आणतो. झोप आता. त्या जहाजानं त्यांना बोलतं केलं. ते घरून बटाटे, कांदे, आईनं शेवटचं घातलेलं लिंबाचं लोणचं घेऊन जायचे. तिथला बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, लाल केसांचा एक अवाढव्य माणूस, रोज संध्याकाळी डेकवर तो गोळा उचलायचा. बाबा बघत बसायचे. मग एक दिवस त्यानं बाबांनाच उठवलं, त्यांच्या कमरेवर हात ठेवला आणि कुठून वाकायचं ते दाखवलं. "पाठीतून नाही गं, इथून," बाबा घरी आल्यावर हॉलमध्ये उभे राहून मला दाखवत होते, "दार ढुंगणानं ढकलून बंद करतो ना आपण, हातात ताटं असतात तेव्हा? अगदी तसं." बाबांच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि आम्ही दोघंही लाजलो.

जहाज सुटलं तेव्हा बोसननं किटली बाबांना दिली. बंदराच्या गेटमधून वस्तू बाहेर आणायची तर पास लागतो, आणि त्या पासवर वस्तूचं वजन लिहावं लागतं. वीस किलोपर्यंत असेल तर साहेबाची सही पुरते, त्याच्या वर गेलं की ते प्रकरण कस्टमकडे जातं आणि महिनोन्महिने तिथंच राहतं. बाबांनी पासवर लिहिलं, लोखंडी वजन, व्यायामाचे, नग एक, वीस किलो. मग ती घरी आली आणि आमच्यासाठी ती वीस किलोची झाली. गोळ्यावर कधीकाळी आकडा कोरलेला असावा, पण जहाजाच्या राखी रंगाचे इतके थर त्यावर चढले होते की बोटाला नुसता उंचवटा लागायचा.

आठवड्याच्या आत मी ती मोजली. बाबा बँकेत गेले होते. आईसाठी आणलेला वजनकाटा कपाटाखाली होता. तो काढला, पुसला, आणि किटली दोन्ही हातांनी, दार ढुंगणानं ढकलावं तशी, उचलून त्यावर ठेवली. काटा बत्तिसावर जाऊन थांबला. मी ती उतरवली, स्वतः उभी राहून काटा तपासला, परत ठेवली. बत्तीस. मी तिथंच जमिनीवर बसले. आधी मला वाटलं, बाबांची चूक झाली. आणि लगेच कळलं की ते शक्य नाही. हा माणूस दोरीला लटकलेल्या गोणीच्या नुसत्या हेलकाव्यावरून तिचं वजन सांगायचा. त्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी खोटं लिहिलं होतं, छत्तीस वर्षांत एकदा, आणि एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नसतो म्हणून घरातही तोच चालू ठेवला होता. मला हसू आलं. काटा मी परत कपाटाखाली सरकवला.

मी कुठलीही गोष्ट पुस्तकातून समजून घेणारी आहे. लायब्ररीत वैद्यकाची कपाटं दुसऱ्या मजल्यावर आहेत. दोन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत तिथंच बसले. जड वजन उचलताना माणूस नकळत श्वास धरतो, छातीतला दाब वाढतो, रक्ताचा दाब क्षणात दुप्पट होतो, आणि रक्ताच्या नळ्या आतून खरखरीत झालेल्या असतील तर त्या क्षणाचं काही सांगता येत नाही. आंतरगळ. कमरेची चकती सरकणं. खांद्याचा सांधा. डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तस्राव. दुसऱ्या बाजूला, त्याच पुस्तकांत, थोड्या लहान टाइपात, स्नायू साखर खातात, हाडं ओझ्यानं घट्ट होतात, म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा मांड्या सुकल्यामुळे. मी सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आपण टॅली करू. तू धोके लिही, मी फायदे. कागद बघायचा नाही." जेवणाच्या टेबलाशी आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. मी अकरा मुद्दे लिहिले, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर तेसुद्धा. मग कागद बदलले. त्यांच्या कागदावर त्यांच्या त्या आखीव अक्षरात एकच ओळ होती. सकाळी उठावंसं वाटतं. त्यांनी माझे अकराही मुद्दे दोनदा वाचले, आंतरगळ नक्की कुठे होते ते विचारून घेतलं, आणि म्हणाले, "नाही जुळत. तिसऱ्या माणसाला विचारावं लागेल."

तिसरा माणूस म्हणजे आमचे डॉक्टर, सेक्टरच्या नाक्यावरचे, आईलाही त्यांचंच औषध असायचं. त्यांनी बाबांचं ब्लडप्रेशर घेतलं, छातीची पट्टी काढली, बोटाला टोचून साखर बघितली, ती जरा जास्त होती. "किती किलो म्हणालात?" "वीस," बाबा म्हणाले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "वीस ना?" हा तो क्षण. मी खूप पुस्तकं वाचली आहेत आणि अशा क्षणी माणसांच्या मनात काय काय चालतं त्याची पानंच्या पानं वाचली आहेत, पण माझ्या मनात काहीच चाललं नाही. दवाखान्यात चालत येताना बाबा मला सांगत होते की गोदीत पूर्वी कापसाच्या गासड्या उतरायच्या तेव्हा हवेत इतका कापूस उडे की संध्याकाळी सगळे क्लार्क म्हातारे होऊन घरी जात. आई गेल्यानंतर इतक्या महिन्यांनी ते मला गोष्ट सांगत होते. "हो, वीस," मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. सावकाश करा. श्वास धरायचा नाही, उचलताना सोडायचा. आणि वीसच्या वर जायचं नाही हां टिपणीस, तुम्ही काय तालमीतले नाही." बाबा म्हणाले, "छे छे."

बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. दोघंही उगाचच हसत होतो. मी किटली मोजली आहे आणि त्यांचं खोटं मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं, निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. त्या दिवसापासून पावणेदोन वर्षं आम्ही एकाच खोट्या आकड्याच्या दोन बाजूंना राहिलो. मी माझ्या परीनं बत्तीसची काळजी घेतली. पहिले तीन महिने नुसती जमिनीवरून उचलायची आणि ठेवायची, असं मी पुस्तकाच्या नावावर सांगितलं. कंबर वाकली की हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून मी ती त्यांच्या पाठीला लावून बघायचे, सरळ आहे की नाही. "श्वास, बाबा." "सोडला." "ऐकू नाही आला." "आता काय शंख फुंकू?" साखर उतरली. पँटचे पट्टे दोन भोकं आत गेले. श्यामसुंदरराव एकदा वर येऊन म्हणाले, "अहो कमळाकरराव, रोज सकाळी आमच्या देवघरातली घंटा आपोआप वाजते." त्यानंतर गोणपाट आलं, आणि बाबा आवाज न करता ठेवायला शिकले. न आपटता ठेवणं हे उचलण्यापेक्षा अवघड होतं आणि त्यातच त्यांचं खरं कसब होतं असं मला आता वाटतं.

पण काळजी घ्यायचे म्हणून मी दारात उभी राहायचे, हे अर्धंच खरं आहे. साडेसहाला हॉलमधून त्यांच्या चपला बाजूला ठेवल्याचा आवाज यायचा आणि माझे तळवे ओले व्हायचे. लहानपणी, सहा-सात वर्षांची असेन, बाबा मला एकदा मुंबईच्या गोदीत घेऊन गेले होते. क्रेननं एक भलं मोठं यंत्र उचललं होतं, कुठल्याशा गिरणीसाठी आलेलं, आणि मधेच क्रेन थांबली. ते यंत्र आकाशात लटकून राहिलं. खाली सगळी माणसं गप्प झाली. हमाल, साहेब, चहावाला, सगळ्यांची तोंडं वर. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. मला भीती वाटत होती आणि हे संपू नये असंही वाटत होतं. यंत्र सुखरूप खाली आलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले आणि मला रडू आलं. आईला वाटलं मी घाबरले, आणि ती बाबांवर रागावली, लहान मुलीला असल्या जागी नेतात का. मी घाबरून नव्हते रडले. मला ते परत बघायचं होतं. पुढे मी मोठी झाले, शिकले, ज्या माणसाशी लग्न ठरत होतं ते मोडलं, लायब्ररीत लागले, आईचं आजारपण काढलं, आणि या सगळ्यात आकाशात काही लटकल्याची आठवण मला नाही. जे होतं ते जमिनीवर होतं, जागच्या जागी. मग रोज सकाळी साडेसहाला माझे वडील दोन पाय फाकून उभे राहायला लागले, बत्तीस किलो लोखंड त्यांच्या हातून सुटून पुढे जायला बघायला लागलं आणि ते त्याला परत आणायला लागले. दर खेपेला तो एक क्षण यायचा, पुढे गेलेलं आणि अजून परत न आलेलं. मी हातात पुस्तक धरून उभी असायचे आणि मागल्या पानाचं काहीही मला आठवत नसे. धोके मी लिहून दिले होते, पाठ होते, त्या क्षणी ते सगळे एकदम त्या खोलीत हजर असायचे. आणि मला, लिहायला लाज वाटते, त्यांच्यासकटच ते हवं होतं. किटली वीसचीच असती तर मी दारात आले असते का, हे मी स्वतःला विचारलं आहे. उत्तर मला माहीत आहे.

एकदा बाबा ताप येऊन पडले होते तेव्हा दार लावून मी स्वतः करून पाहिलं. दोन्ही हातांनी, चार वेळा. पाचव्या वेळी माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की आतून बाबा म्हणाले, "काय झालं?" "काही नाही, दूध उतू गेलं." मग आतून, तापानं जड झालेल्या आवाजात, "श्वास सोडायचा, दूध उतू जाताना." त्यावरून मला वाटतं, त्यांना बरंच काही ठाऊक असावं.

त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, बाबा दूध आणायला खाली उतरले. येताना आमच्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले आणि चपलेचा अंगठा बघायला वाकले. वॉचमन लांबून बघत होता. त्याला वाटलं, अंगठा नीट करताहेत. बराच वेळ झाला तरी ते उठले नाहीत तेव्हा तो जवळ गेला. मी खाली पोचले तेव्हा श्यामसुंदररावांनी त्यांना आडवं केलं होतं आणि स्वतःचा शर्ट काढून त्यांच्या डोक्याखाली दिला होता. डॉक्टर आले. त्यांनी बघितलं, उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. नंतर घरात दाखला लिहिताना त्यांची नजर हॉलच्या कोपऱ्यात गेली. गोणपाटावर किटली होती. ते म्हणाले, "ऋता, मनाला लावून घेऊ नकोस. वीस किलो म्हणजे काय गं, पाण्याच्या दोन कळश्या. त्यानं नाही झालं हे. उलट दोन वर्षं मिळाली असतील त्यानं." मी मान हलवली. त्यांनी मला सोडवलं होतं, आणि ज्या आकड्यावर सोडवलं होतं तो आकडा खोटा होता.

मग ते वाक्य घरभर फिरलं. माझा धाकटा भाऊ अभिराम बडोद्याहून आला, त्याला दारातच कुणीतरी सांगितलं की डॉक्टर म्हणाले, व्यायामाचा संबंध नाही, वीसच किलो. आत्या आल्या, त्यांना अभिनं सांगितलं. फोनवर तो सांगत असे, "नाही नाही, वीस किलो, अगदी हलकं, डॉक्टरांना विचारून करत होते." माणसं सुस्कारा सोडत. बरं झालं, म्हणत. जो येईल तो ते वाक्य घेऊन जात होता आणि मी चहा करत होते. मला तेरा दिवस रडू आलं नाही. त्याऐवजी एक विचित्र गोष्ट व्हायची. माणसं बोलत असताना, भटजी काहीतरी सांगत असताना, मला मधेच शनिवार दिसायचा, तो सरळ हात, ते तीन आकडे, आणि आतून एकदम उसळी यायची, ज्याला आनंद म्हणावं अशी. गाल गरम व्हायचे. मी उठून आत जायचे. शोक करणाऱ्या बाईचा चेहरा कसा असावा याबद्दल मी इतकं वाचलं आहे, पण त्या तेरा दिवसांत माझा चेहरा लपवायला मला जे कष्ट पडले ते कुठेच वाचलेले नव्हते. एक दिवस आत्या म्हणाल्या, "हिला ताप आहे का बघा." आणि त्याच्याच खाली, त्याच जागी, दुसरं. ते डॉक्टर. हो, वीस, असं म्हणणारा माझा आवाज. बत्तीस म्हटलं असतं तर त्यांनी बंद करायला सांगितलं असतं. बाबांनी ऐकलं असतं, ते ऐकणारे होते. मग ते मीठ, दूध आणतो, झोप आता, असे पावणेदोन वर्षं जगले असते, किंवा पंधरा वर्षं जगले असते. यातलं काहीही जुळत नव्हतं. तिसऱ्या माणसाला विचारायची सोय मीच बंद करून टाकली होती.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. अभिची गाडी रात्रीची होती. दुपारी त्यानं कपाटं आवरली, बाबांचे शर्ट वेगळे काढले, आणि मग हॉलच्या कोपऱ्याकडे वळला. गोजरा फरशी पुसत होती. "ताई, हे आज भंगारात देऊन टाकतो," तो म्हणाला. "तुझ्या नजरेसमोर नको रोज." मी काही म्हणायच्या आत तो वाकला, कडी धरली आणि वीस किलोला लागेल तेवढा जोर लावून सरळ व्हायला गेला. किटली हललीच नाही. अभि पुढे झुकला आणि त्याचं कपाळ भिंतीवर आपटता आपटता राहिलं. त्यानं दोन्ही हात लावले. ती वीतभर उचलली गेली आणि धप्पकन खाली आली. खालून श्यामसुंदररावांकडची घंटा खरंच वाजली, पहिल्यांदाच ती मी कानांनी ऐकली.

"हे वीस नाहीये," अभि म्हणाला.

"वीस कंचा?" गोजरा फडकं पिळत म्हणाली. "माज्या घरची तांदलाची गोन पंचवीसची हाय, ती मी एकटी उचलतंय. यो मना सरकवावा लागतं. बाबांना मी बोललू पन व्हतं. तर बोलतान कशे, गप ऱ्हा, ताईला नको सांगू."

"बाबांना माहीत होतं?" अभि तिच्याकडे बघत म्हणाला, आणि मग सावकाश माझ्याकडे. तो हिशेब करत होता. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि कठीण गणित सोडवताना त्याचा खालचा ओठ लहानपणापासून आत जातो. "ताई. तुला?"

"बत्तीस आहे," मी म्हणाले. "मी मोजली होती."

"कधी?"

"आणली त्याच आठवड्यात. डॉक्टरांकडे जायच्या आधी."

"आधी?" त्याचा आवाज चिरकला. "आणि तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस? तू? तू साध्या क्रोसीनच्या पाकिटावरचंही सगळं वाचतेस! आणि बाबांना बत्तीस किलो उचलू दिलंस? का?"

गोजराचा हात फरशीवर थांबला. अभिचे डोळे भरून आले होते आणि तो खरंच विचारत होता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी सांगू शकले असते की साखर उतरली, की ते बोलायला लागले, की त्या कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती. ते सगळं खरं होतं आणि ते मी हळू, समजावणीच्या आवाजात सांगितलं असतं. पण माझा आवाज हळू निघेना. छातीत काहीतरी वर चढत होतं आणि मी ते धरून ठेवलं नाही.

"कारण मला ते बघायचं असायचं," मी म्हणाले. "रोज. मला भीती वाटायची अभि, खूप भीती वाटायची, आणि तरी मला वाटायचं, अजून एकदा, अजून वर. त्या शनिवारी त्यांनी ती एका हातानं डोक्यावर नेली, बत्तीस किलो, एकोणसाठाव्या वर्षी, इथे, या पंख्याखाली! तू नव्हतास. कुणीच नव्हतं, मी एकटी होते. त्यांनी मला विचारलं, पाहिलंस? आणि मी म्हटलं, मान मागे जाते." गोजरा फडकं तसंच टाकून उठून माझ्याजवळ आली होती. अभि खाली बसला होता, किटलीशेजारी, जमिनीवर. मी दोघांच्याही वरून, त्या मोकळ्या पडलेल्या हॉलमध्ये, खालच्या मजल्यापर्यंत नक्कीच ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "बाबा, मान कुठेही जात नव्हती. तुम्ही इतके सुंदर दिसत होतात, इतके सुंदर, मला काही बोलताच आलं नाही."